बैठकीची जागा : कुंडल, औंध आणि मिरज परिसरातील ऐतिहासिक स्थळे व अभिजात गायन

मराठीतील संगीतविषयक लेखनाने गायकाचा विचार पुष्कळ केला, घराण्यांचा त्याहून अधिक केला; परंतु गायन ज्या जागेत घडते त्या जागेचा स्वतंत्र विचार फारसा केला नाही. मैफलीच्या वर्णनात दिवाणखाना, सभामंडप, दर्गा, वाड्याचा चौक यांचे उल्लेख वारंवार येतात. तथापि हे उल्लेख वातावरणनिर्मितीपुरते राहतात. समीक्षेच्या मांडणीत त्यांना स्थान मिळत नाही. जागा ही मैफलीची केवळ पार्श्वभूमी आहे की मैफलीच्या अर्थाचा एक घटक आहे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी सांगली व सातारा या दोन जिल्ह्यांतील एक मर्यादित पट्टा निवडला आहे. कुंडल हे त्या पट्ट्याचे मध्यस्थान. उत्तरेस औंध आणि दक्षिणेस मिरज ही त्याची दोन टोके होत.

हा प्रश्न निव्वळ सैद्धांतिक नाही. प्राचीन लेणी, किल्ले व मंदिरे यांच्या सान्निध्यात अभिजात संगीताचे महोत्सव भरविण्याची प्रथा गेल्या काही दशकांत महाराष्ट्रात रुजली आहे. अशा महोत्सवांनी त्या स्थळाला आणि त्या संगीताला काय दिले, याचा निवाडा करण्यासाठी निकष हवेत. आणि ते निकष या भूमीतील जुन्या परंपरेतूनच शोधणे अधिक युक्त होईल.

१. शब्दांची साक्ष

मराठीत गायनाच्या प्रसंगाला एकच एक शब्द नाही. बैठक, मैफल, जलसा, मुजरा, हजेरी, सेवा, सभा आणि अलीकडचा 'कार्यक्रम' असे अनेक शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी सहज बसत नाहीत. त्यांच्यातील अर्थभेद तपासला असता असे दिसते की, प्रत्येक शब्द गायनाबरोबरच एका विशिष्ट जागेचा आणि त्या जागेतील नात्याचा निर्देश करतो. 'बैठक' हा शब्द बसण्याच्या क्रियेवरून आला. त्यात जाजम, लोड-तक्क्ये आणि गाणारा व ऐकणारा एकाच पातळीवर बसल्याची सूचना आहे. 'मैफल' हा मूळचा अरबी शब्द. त्यात निवडक मंडळींच्या एकत्र येण्याचा भाव आहे. 'मुजरा' दरबाराचा शब्द आहे व त्यात आश्रयदाता आणि आश्रित यांच्यातील अंतर स्पष्ट आहे. 'जलसा' या शब्दाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिकीट काढून येणाऱ्या श्रोत्यांचा जाहीर कार्यक्रम, असा अर्थ धारण केला.

'सेवा' आणि 'हजेरी' हे दोन शब्द या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण आहेत. मंदिरात गायक 'सेवा' रुजू करतो, तर दर्ग्यात 'हजेरी' लावतो. दोन्ही ठिकाणी मुख्य श्रोता समोर बसलेला समाज नसून ते स्थळ ज्याचे आहे तो देव, गुरू किंवा पीर होय. उपस्थित श्रोते त्या अर्पणाचे साक्षी असतात. त्यामुळे येथे बिदागीचा प्रश्न दुय्यम ठरतो आणि श्रेष्ठ गायकालाही क्रमाने बसून आपली वेळ येण्याची वाट पाहावी लागते. भाषेने केलेला हा भेद मराठी समीक्षेने संकल्पना म्हणून वापरला असता, तर जागेचा विचार यापूर्वीच सुरू झाला असता.

युरोपीय संगीतविचारात असे घडले आहे. सतराव्या शतकात तेथील शास्त्रकारांनी संगीताचे चर्चचे, दालनाचे आणि रंगभूमीचे असे तीन वर्ग केले. हे वर्गीकरण मुळात स्थळावर आधारलेले होते. त्यातूनच पुढे शैलींची नावे ठरली. दालनातील संगीत म्हणजे थोड्या वादकांनी थोड्या श्रोत्यांसाठी, जवळ बसून केलेले संगीत. मराठीतील 'बैठकीचे गाणे' ही संज्ञा त्याला बरीच जवळची आहे. भेद इतकाच की, तेथे दालन हे दालन राहिले आणि चर्च चर्च. आपल्याकडे बैठक मात्र दिवाणखान्यातून मंदिरात, मंदिरातून दर्ग्यात सहज गेली व जाताना आपले नाव तेवढे बदलत राहिली.

२. कुंडल : तीन प्रकारच्या जागा

कुंडल हे आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील गाव. मार्च १९४८ मधील विलीनीकरणापर्यंत ते औंध संस्थानात होते. औंधची बहात्तर गावे सलग नव्हती. ती साताऱ्यापासून दक्षिणेकडे तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली होती व कुंडल हा त्यांपैकीच एक तुकडा होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. यामुळे आजच्या जिल्ह्यांच्या सीमा धरून या परिसराच्या सांस्कृतिक इतिहासाचा विचार केल्यास कुंडल-औंध हे नाते नजरेआड होते.

कुंडलच्या परिसरात ध्वनीच्या दृष्टीने तीन भिन्न प्रकारच्या जागा आहेत. पहिली डोंगरातील कोरीव स्थळांची. झरी पार्श्वनाथ व गिरी पार्श्वनाथ ही जैन तीर्थस्थाने येथे असून पाषाणात झिरपणाऱ्या पाण्यामुळे पहिल्याचे नाव सार्थ झाले आहे. दुसरी जागा मैदानाची. कुस्त्यांच्या मैदानासाठी कुंडल प्रसिद्ध आहे. शिवाय १९४३ ते १९४६ या काळातील प्रतिसरकारच्या चळवळीचे ते एक प्रमुख केंद्र होते. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील या चळवळीत कुंडलचे जी. डी. (बापू) लाड आणि तुफान सेनेचे कॅप्टन रामचंद्र लाड यांचे कार्य सर्वज्ञात आहे. शाहीर शंकरराव निकम यांच्या पोवाड्यांनी या चळवळीला आवाज दिला. तिसरी जागा कारखान्याची. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या माळरानावर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसविली. तेथील रेल्वे स्थानकाचे मूळ नाव 'कुंडल रोड' असे होते. 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' या मासिकांमुळे ही वसाहत मराठी वाङ्मयाच्या इतिहासात कायमची नोंदली गेली.

कुंडलची कीर्ती ख्यालगायनाची नाही. ती शाहिरीची, म्हणजे मैदानी आवाजाची आहे. डफ, तुणतुणे आणि झीलकऱ्यांची साथ घेऊन उभ्याने गाणारा शाहीर आणि तंबोऱ्यांच्या मध्ये मांडी घालून बसलेला ख्यालगायक यांच्यातील भेद रागज्ञानाचा नसून मुख्यत्वे जागेचा आहे. मैदानात आवाज परतून येत नाही. त्यामुळे शाहिराला शब्द तोडून, ठासून आणि पुनरुक्तीने पोहोचवावा लागतो. झीलकरी जे काम करतात ते बंदिस्त जागेत भिंती करतात, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. पोवाड्याच्या रचनेतील ध्रुवपद, उंच स्वरातील उठावणी आणि मध्ये येणारे गद्य निवेदन या घटकांचा उलगडा वीररसाइतकाच मैदानाच्या गरजेने होतो.

याच परिसरातून ग. दि. माडगूळकर घडले. आटपाडी, कुंडल आणि औंध येथे त्यांचे शिक्षण झाले. शाहिरीचे मैदान आणि कीर्तनाचा सभामंडप, दोन्हींचे संस्कार त्यांच्या गीतरचनेवर झाले. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सादर झालेल्या 'गीतरामायणा'त निवेदनाची सलगता कीर्तनाची आहे आणि स्वररचना रागाधारित आहे. हे गायन ज्या जागेत ऐकले गेले ती जागा मात्र सर्वस्वी नवी, म्हणजे प्रत्येक श्रोत्याच्या घरातील रेडिओची होती. जागा बदलली की रचनेचा विस्तार, तिचा कालावधी आणि श्रोत्याशी बोलण्याची तिची रीत बदलते, याचे हे आधुनिक उदाहरण होय.

३. औंध : दरबाराकडून तिथीकडे

ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांना दिले जाते. १८४९ मध्ये मिरजेजवळील बेडग येथे जन्मलेल्या बुवांनी ग्वाल्हेर परंपरेची तालीम मिळविली आणि दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानांच्या आश्रयाने ती शिष्यांना दिली. त्यांच्या शिष्यांपैकी विष्णु दिगंबर पलुसकर यांचे आडनाव कुंडलशेजारच्या पलूस गावावरून आले आहे. दुसरे शिष्य अनंत मनोहर जोशी ऊर्फ अंतुबुवा (१८८१–१९६७) यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील किन्हईचा. ते औंध संस्थानचे दरबारी गायक होते. १९५५ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

अंतुबुवांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या पुण्यतिथीनिमित्त १९४० मध्ये औंध येथील दत्त मंदिरात संगीत उत्सव सुरू केला. हा कालक्रम लक्षणीय आहे. १९३९ मध्ये बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने नवी राज्यघटना स्वीकारून आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन केली होती. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु दरबार ही संस्था मावळतीला लागलेली असताना एका दरबारी गायकाने आपल्या गाण्यासाठी दरबाराबाहेरचे अधिष्ठान उभे केले, ही वस्तुस्थिती अर्थपूर्ण आहे. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. अनेक ठिकाणी संस्थानिकांचा आश्रय संपताच त्यावर अवलंबून असलेल्या मैफली संपल्या. औंधचा उत्सव मात्र टिकला. कारण तो सिंहासनाला बांधलेला नव्हता, तिथीला बांधलेला होता. अंतुबुवांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) यांनी तो पुढे चालविला आणि त्यांच्या शिष्यपरिवाराने शिवानंद स्वामी संगीत प्रतिष्ठानच्या द्वारे तो जोपासला.

या उत्सवाला अनुकूल अशी श्रवणाची भूमी औंधमध्ये आधीच तयार होती. बाळासाहेब स्वतः चित्रकार व कीर्तनकार होते. यमाईच्या या नगरीत राजाने कीर्तनाला उभे राहणे ही लोकांच्या सवयीची गोष्ट होती. नारदीय कीर्तनातील पूर्वरंग आणि उत्तररंग यांच्या श्रवणाने सामान्य माणसाला सभामंडपात तासन्‌तास मांडी घालून बसण्याची, निरूपणाच्या मध्येच येणारा स्वरविस्तार ओळखण्याची आणि तालाच्या समेवर मान डोलविण्याची सवय लावली. ख्यालगायनाला महाराष्ट्रात जो श्रोता लाभला तो बहुतांशी कीर्तनाने घडविलेला होता. म्हणून मंदिरातील मैफल ही ख्यालाने मागून घेतलेली जागा नव्हे. तेथे आधीपासून बसलेल्या श्रोत्यापुढे ख्याल येऊन बसला, असे म्हणणे अधिक अचूक होईल.

गजाननबुवांनी ग्वाल्हेरबरोबर आग्रा व जयपूर या परंपरांचीही तालीम घेतली होती आणि व्हायोलिनवादक म्हणूनही ते ख्यातनाम होते. उत्सवातील गायन हे शिष्यांसाठी तालमीचाच एक भाग असते. गुरूच्या तिथीला गुरुबंधूंच्या समोर गाणे यात परीक्षेचा जो अंश असतो तो तिकिटाच्या जलशात नसतो. येथील श्रोत्यांत जाणकारांच्या बरोबरीने गावकरी बसतात. त्यामुळे गायकाला विद्वत्ता आणि संवाद या दोहोंचा तोल सांभाळावा लागतो. जागेने गायनाला घातलेले हे एक सौम्य पण परिणामकारक बंधन होय.

४. मिरज : चिंचेखालची हजेरी

मिरज येथील हजरत ख्वाजा शमना मीरासाहेब यांचा दर्गा हे या पट्ट्यातील दुसरे महत्त्वाचे स्थळ. किराणा परंपरेचे अध्वर्यू अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) मिरजेस स्थायिक झाले व या दर्ग्याशी त्यांचे निष्ठेचे नाते जडले. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना सिंगपेरुमाळकोइल या लहानशा रेल्वे स्थानकावर त्यांचे निधन झाले. अखेरच्या क्षणी त्यांनी फलाटावर तंबोरा जुळवून घेऊन स्वरांतून प्रार्थना केली, असे सांगितले जाते. त्यांचे दफन मिरजेच्या दर्ग्यात झाले. तेव्हापासून उरुसात त्यांच्या स्मृतीची संगीत सभा हे मिरजेचे व्रत झाले. दर्ग्याच्या आवारातील चिंचेच्या झाडाखाली ही सभा भरते आणि किराणा परंपरेबरोबर अन्य घराण्यांचेही कलावंत येथे हजेरी लावतात.

या जागेची दोन वैशिष्ट्ये नोंदवावयास हवीत. पहिले सामाजिक आहे. मीरासाहेबांच्या उरुसाचा प्रारंभ चर्मकार समाजाच्या मानाच्या गलेफाने होतो. ज्या काळात अनेक मंदिरांची दारे दलित समाजाला बंद होती आणि दिवाणखान्यातील बैठकीला निमंत्रणावाचून प्रवेश नव्हता, त्या काळात दर्ग्याच्या आवारातील गाणे सर्वांना खुले होते. पंडितांच्या घरातील शिष्य, खाँसाहेबांच्या घरातील शिष्या, सतारमेकर कारागीर आणि बाजारहाटाला आलेला शेतकरी यांना एकाच गाण्याचे श्रोते होण्याची संधी या जागेने दिली. बैठकीच्या गाण्याचा गौरव करताना तिच्या उंबरठ्याचा विचार टाळला जातो. मिरजेची सभा तो विचार करावयास लावते.

दुसरे वैशिष्ट्य ध्वनीचे आहे. झाडाखाली छत नसते, भिंती दूर असतात. तेथे गायकाचा स्वर परावर्तित होऊन त्याच्यापाशी येत नाही. अशा वेळी त्याला आधार राहतो तो तंबोऱ्यांचाच. अचूक जुळलेल्या तंबोऱ्यांतून जे उपस्वर निर्माण होतात, ते गायकाभोवती जणू एक अदृश्य दालन उभे करतात. मिरज हे तंतुवाद्यनिर्मितीचे केंद्र असणे या संदर्भात योगायोगाचे वाटत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब सतारमेकर यांनी सुरू केलेल्या या व्यवसायातील सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मोठा भोपळा, तबकडी, घोडीवर नेमका बसविलेला जवारीचा सूत या कारागिरीचे साध्य स्वराची आस लांबविणे हे असते. अब्दुल करीमखाँ स्वतः वाद्यदुरुस्तीत निष्णात होते. कृ. ब. देवल आणि क्लेमंट्स यांच्या श्रुतिविषयक संशोधनात त्यांचा सहभाग होता. त्यांच्या गायकीतील दीर्घ, सूक्ष्म स्वरलगाव हा या तंबोऱ्यांच्या सान्निध्यातच पूर्णत्वास गेला.

पाषाणी सभामंडपात याच्या उलट घडते. दगड ध्वनी फारसा शोषून घेत नाही. त्यामुळे स्वर रेंगाळतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅबाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, ध्वनी रेंगाळण्याचा काळ जागेच्या घनफळाच्या प्रमाणात वाढतो आणि तेथील शोषक पृष्ठाच्या प्रमाणात घटतो. जाजम, उघड्या कमानी आणि दाटीने बसलेली माणसे ही मंदिरातील शोषक पृष्ठे होत. रिकाम्या मंडपात अस्पष्ट होणारी द्रुत तान भरल्या मंडपात स्पष्ट ऐकू येते. तात्पर्य, श्रोता हा येथे रसिक म्हणून तर आवश्यक आहेच, परंतु वास्तूचा एक भाग म्हणूनही आवश्यक आहे. विलंबित आलापीला दगडी जागा अनुकूल आणि द्रुत तानबाजीला लाकडी दिवाणखाना अनुकूल, असा ढोबळ भेद यावरून करता येतो. ध्वनिक्षेपकाने मात्र तो पुष्कळसा पुसून टाकला. आवाज गायकाच्या दिशेने न येता खांबावरच्या कर्ण्यातून येऊ लागला की, ऐतिहासिक वास्तू डोळ्यांपुरती उरते.

५. अधिष्ठान आणि नेपथ्य

वरील विवेचनावरून ऐतिहासिक जागेतील मैफलीचे दोन प्रकार कल्पिता येतात. जेथे मैफलीचे कारण त्या जागेतच असते, तेथे जागा ही मैफलीचे 'अधिष्ठान' असते. औंधची पुण्यतिथी आणि मिरजेचा उरूस ही त्याची उदाहरणे होत. जेथे मैफल अन्यत्रही तशीच होऊ शकली असती, परंतु शोभेसाठी प्राचीन वास्तू निवडली जाते, तेथे ती जागा 'नेपथ्य' असते. शासनाच्या पुढाकाराने वेरूळ येथे आणि १९८९ पासून घारापुरी येथे सुरू झालेले महोत्सव दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्यांनी थोर कलावंतांना मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला, हे मान्य करावयास हवे. तथापि प्रकाशझोत, मंच आणि गर्दी यांचा भार लेण्यांना सोसणारा नव्हता. वेरूळचा महोत्सव पुढे औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील सोनेरी महालाच्या परिसरात हलविण्यात आला. नेपथ्य बदलले तरी महोत्सव चालू राहिला, यातच त्याचे आणि मूळ स्थळाचे नाते किती होते हे दिसून येते.

नेपथ्य ठरलेली प्रत्येक जागा निष्प्राणच असते, असे मात्र नाही. औंधचा उत्सव सुरू होण्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर १९३९ मध्ये, लंडनच्या नॅशनल गॅलरी या चित्रसंग्रहालयात मायरा हेस या पियानोवादिकेने दुपारच्या मैफली सुरू केल्या. युद्धामुळे तेथील चित्रे सुरक्षित स्थळी हलविली होती, नाट्यगृहे व सभागृहे बंद पडली होती आणि रात्री दिवे लावण्यास मनाई होती. रिकाम्या भिंतींच्या त्या वास्तूत एक शिलिंग देऊन कोणालाही बसता येई. एप्रिल १९४६ पर्यंत तेथे सुमारे सतराशे मैफली झाल्या. चित्रांसाठी बांधलेली वास्तू संगीतासाठी योजिली गेली ती शोभेसाठी नव्हे; शहराच्या सामुदायिक जीवनातील एक पोकळी तिने भरून काढली. येथे नेपथ्याचे अधिष्ठानात रूपांतर झाले. ते घडविणाऱ्या गोष्टी तीन होत्या : सातत्य, सर्वांना परवडणारा प्रवेश आणि त्या काळाची निकड.

पलुसकरांच्या चरित्रातील एक प्रसंग याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवितो. मिरजेत एका समारंभाचे निमंत्रण त्यांना मिळाले, पण त्यांच्या गुरूंना मिळाले नाही. कारण गवई हा समाजात मानाचा मानला जात नव्हता. हे शल्य घेऊन त्यांनी १८९६ मध्ये मिरज सोडल्याचे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे तिकीट लावून जाहीर जलसे करण्याचा आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापण्याचा त्यांचा उद्योग हा गायकाला कोणाच्याही दिवाणखान्याच्या कृपेवर अवलंबून राहावे लागू नये यासाठी होता. सभागृहातील जलशाकडे बैठकीचा ऱ्हास म्हणून पाहणाऱ्या अभ्यासकांनी हा संदर्भ विसरू नये. अब्दुल करीमखाँ यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांनी बैठकीऐवजी जाहीर मंचावर प्रतिष्ठेने गाण्याचा पायंडा पाडला, तेव्हा स्त्री-गायिकेच्या दृष्टीने नव्या जागेचे मोल किती होते, हे स्पष्ट झाले. जुन्या जागेत जिव्हाळा होता, त्याचबरोबर उतरंडही होती.

६. मराठी समीक्षेपुढील प्रश्न

गोविंदराव टेंबे यांच्या 'माझा संगीत व्यासंग' (१९३९) या ग्रंथात मैफलींच्या जागा जिवंतपणे येतात. 'शुद्ध सारंग' या नावाने लिहिणाऱ्या केशवराव भोळे यांच्या 'आजचे प्रसिद्ध गायक' (१९३३) या पुस्तकात गायकाच्या आवाजाचे चिकित्सक वर्णन आहे. वामनराव देशपांडे यांच्या 'घरंदाज गायकी'ने (१९६१) स्वर आणि लय यांच्या परस्परप्रमाणावर घराण्यांची मीमांसा उभी केली. ही मीमांसा मराठी संगीतसमीक्षेचा मानदंड ठरली; परंतु तिच्या चौकटीत जागेला स्थान नाही. घराणे दरबारात घडले की दर्ग्यात, छताखाली की झाडाखाली, याचा स्वर-लयीच्या प्रमाणाशी संबंध असू शकतो, ही शक्यता तेथे विचारात आलेली नाही. गजाननबुवांचे शिष्य अशोक रानडे यांनी 'संगीताचे सौंदर्यशास्त्र' (१९७१) पासून पुढील लेखनात संगीताचा प्रयोग म्हणून विचार करण्याची दिशा दाखविली. त्या दिशेने जागेची मीमांसा होणे हे पुढचे स्वाभाविक पाऊल होय.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला या मीमांसेत रस असण्याचे कारण उघड आहे. ओवी जात्यावर, अभंग वाटेवर व वाळवंटात, लावणी फडात, पोवाडा मैदानात आणि पद सभामंडपात घडले. मराठी काव्यप्रकारांची नावे छंदाइतकीच त्यांच्या जागांशी निगडित आहेत. छापील पुस्तकाने या सर्वांना एकाच पानावर आणले आणि त्यांच्या जागा पुसल्या. बैठकीच्या गाण्याचा जागेच्या अंगाने विचार करण्याची सवय लागली, तर काव्यप्रकारांच्या अध्यापनातही तिचा उपयोग होईल. पोवाडा वर्गात का निस्तेज वाटतो, याचे उत्तर शब्दांत शोधण्यापूर्वी चार भिंतींत शोधावे लागेल.

आता कुंडलपुरता प्रश्न. तेथील लेण्यांच्या परिसरात ख्यालाची मैफल व्हावी काय? वरील विवेचनातून चार कसोट्या हाती येतात. पहिली, त्या स्थळाशी त्या गायनाचे काही नाते, विशेषतः तिथीचे नाते, आहे काय? दुसरी, ध्वनिवर्धनावाचून ते गायन तेथे ऐकू जाईल काय. म्हणजेच श्रोत्यांची संख्या जागेने ठरविलेली आहे काय? तिसरी, उंबरठा सर्वांना सारखा आहे काय? चौथी, त्या स्थळाच्या उपासकांची संमती आणि त्या पाषाणाची सुरक्षितता यांना अग्रक्रम आहे काय? झरी पार्श्वनाथासारखे स्थळ जैन समाजाचे चालते तीर्थ आहे. त्याला रिकामे प्राचीन दालन समजणे मुळातच चूक ठरेल. तेथील झिरपत्या पाण्याची शांतता हीच त्या जागेची स्वतःची लय आहे. तिच्यावर बाहेरून आणलेला कार्यक्रम लादण्यात ना संगीताचे हित आहे, ना स्थळाचे.

याउलट, पलुसकरांच्या नावात जे गाव आजही उच्चारले जाते त्या गावी किंवा त्याच्या पंचक्रोशीतील एखाद्या मंदिराच्या सभामंडपात, त्यांच्या तिथीला, शंभर माणसांनी जाजमावर बसून ऐकलेली बैठक या चारही कसोट्यांना उतरेल. तसेच कुंडलच्या मैदानावर प्रतिसरकारच्या स्मृतीने गायिलेला पोवाडा हा त्या जागेचा स्वतःचा अभिजात आविष्कार ठरेल. अभिजातता ही केवळ रागदारीची मिरास नव्हे. जो प्रकार आपल्या जागेच्या साऱ्या मर्यादा आत्मसात करून त्यांनाच आपले सामर्थ्य बनवितो, तो अभिजाततेच्या वाटेवर असतो, हे औंधचा सभामंडप, मिरजेची चिंच आणि कुंडलचे मैदान या तीन जागा एकत्र पाहिल्या म्हणजे लक्षात येते.

सारांश, ऐतिहासिक जागेतील मैफलीचे मूल्य त्या वास्तूच्या वयावर अवलंबून नसते. त्या जागेशी गाणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे जे बांधिलकीचे नाते वर्षानुवर्षे राखले जाते, त्यावर ते अवलंबून असते. औंधचे संस्थान गेले, मिरजेची गादी गेली. पुण्यतिथी आणि उरूस राहिले. जे राहिले ते का राहिले, याचा शोध घेणे हे संगीताच्या इतकेच मराठी संस्कृतीच्या अभ्यासकाचेही कर्तव्य आहे.